शेऱ्याचा रकाना

उदगीरच्या आमच्या घरापासून समुद्र
कोणत्याही दिशेनं निघालं तरी रात्रभराच्या गाडीवर.
मी तो दोनदा पाहिलाय. अप्पांनी एकदाही नाही.
आणि माझं काम, देवमासे मोजणं.

वरून ड्रोननं काढलेले फोटो येतात,
कुठल्याशा दक्षिणेकडच्या उथळ खाडीतले.
प्रत्येक मादीला नंबर.
डोक्यावरच्या खरबरीत पांढऱ्या चट्ट्यांवरून तिला ओळखायचं
आणि रकाना भरायचा:
पिल्लू असेल तर एक, नसेल तर शून्य.
फोटोमागं चार रुपये.

एकशे बारा माझ्या ओळखीची.
तिचे चट्टे म्हणजे उन्हाळ्यातला तिरूचा तलाव,
कडेकडेनं आटत गेलेला.
जुन्या नोंदींत दर तिसऱ्या वर्षी
तिच्या कुशीला चिकटलेलं काहीतरी काळं, लहान.
मग चौथं वर्ष लागलं. मग पाचवं.
यंदा सहावं.
शून्य दाबताना माझं बोट थोडं अडलं, एवढंच.

अप्पा मागं येऊन उभे होते.
चौतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक,
खांद्यापर्यंत हात घालून गाई तपासलेला माणूस.
‘काय बगलालीस?’
‘यायलेत का नाही, ते.’
‘हात घातल्याबगर?’

हसले. मग चष्मा आणला, स्टूल ओढलं.
‘खातेत काय?’
बोटाएवढी कोळंबी, मी म्हणाले, बर्फाच्या पोटाशी वाढणारी.
आता पाणी तापलंय,
बर्फ उशिरा धरतो, लवकर सुटतो.
‘म्हंजे कुरणच सरकलं.’
हो.
‘अन् पाजताना?’
पाजताना महिनोन्‌महिने उपास.
अंगावरच्या चरबीचंच दूध होतं.

अप्पा गप्प झाले.
बाहेर कुणीतरी बोअरची मोटर लावली, ती नुसतीच गरगरली.
मग म्हणाले, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली
माझ्या वहीत साठ गाई होत्या,
माजावर आल्या चार.
मालक म्हणायचे, गाईत दोष हाय.
दोष कशाचा?
पोटात काय हाय ते बगूनच आतलं दार उघडतंय.

आणि त्यांनी नखानं पडद्यावर टकटक केलं.
‘हिच्या मानंमागं बग. खळगा पडलाय.
ती पल्याडची, तिथं उशी हाय.’

चार वर्षं मी डोकी बघत होते.
चट्टे, चट्टे, नंबर.
मानेमागं पैसे नव्हते.

शेऱ्याचा रकाना मी कधी उघडलाच नव्हता.
उघडला. मोडक्या इंग्रजीत लिहू लागले,
मानेमागे खळगा, पाठ उतरलेली,
बहुधा भाकड.
‘ते लिहू नको,’ अप्पा म्हणाले.
‘भाकड म्हंजे सपली.
ही थांबलीय.’
थांबलेल्या गाईला इंग्रजीत काय म्हणतात
हे शोधेपर्यंत लाइट गेली.

देवणीहून फोन आला, कुणाचीशी कालवड तिसऱ्यांदा उलटली.
रिटायर होऊन सहा वर्षं झालीत, तरी फोन अप्पांनाच.
नायट्रोजनचा कॅन मोटारसायकलला बांधून
ते भर उन्हात गेले.

दहा दिवसांनी उत्तर आलं.
हे कुणी पाहिलं?
जुने सगळे फोटो पुन्हा बघाल का,
फोटोमागं सहा रुपये.

तर आता रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं बसतो.
मी फोटो सरकवते,
अप्पा काडीनं दात कोरत सांगतात,
बाजारात जनावर बघावं त्या आवाजात:
उशी. उशी. खळगा. उशी.
जुन्या वर्षांकडून अलीकडं येतोय.
कालपासून त्यांनी काडी बाजूला ठेवलीय
आणि प्रत्येक फोटोवर
जरा जास्त वेळ थांबलेत,
काहीतरी उशीसारखं दिसतंय का बघत.